गोरग्याला शेंड्यातून तुरे आले. झाड जगेल का? बिया कशा धरायच्या?

बोडीकाठ (आरमोरी तालुका, जि. गडचिरोली)

नमस्कार मंडळी. वावराच्या धुऱ्यावर, बोडीच्या (लहान तळ्याच्या) पाळीला लागून एक गोरगा आहे. पुस्तकात ज्याला भेर्ली माड किंवा सुरमाड म्हणतात तोच. रोप भामरागडकडचं, वय अंदाजे १६ वर्षं, उंची ३५ फुटांच्या आसपास, खोड एकच.

मागच्या पावसाळ्यानंतर अगदी शेंड्यात पहिला तुरा आला, घोड्याच्या शेपटीसारखा लोंबणारा. आता त्याच्या खाली दुसरा नि तिसरा निघाला. पहिल्याला फळं धरली आहेत, बरीचशी हिरवी, थोडी लाल होऊन राहिली. नवीन पान मात्र तेव्हापासून एकही नाही, आणि खालची दोन पानं वाळली.

विचारायचं असं की,
तुरा आला म्हणजे झाड जातं असं गावात म्हणतात, ते खरं का? तुरे कापून टाकले तर वाचेल का?
फळ हाताळलं की हात कोपरापर्यंत खाजतो. बिया काढायच्या कशा? उन्हात वाळवून लावलेल्या २० बियांतली एकही उगवली नाही.
रोपवाटिकेत ‘फिशटेल पाम’ म्हणून मिळतं ते हेच झाड का? आणि हे सुपारीच्या नात्यातलं आहे का?
झाड जाणारच असेल तर रस काढण्यात अर्थ आहे का?

---

रानपान

गावातली माणसं बरोबर सांगतात, भाऊ. गोरगा आयुष्यात एकदाच फुलतो. नारळ, ताड, शिंदी यांचा शेंडा वाढतच राहतो आणि पानांच्या बगलेत वर्षावर्षाला फुलोरा येतो. गोरग्याची रीत उलटी. आधी शेंड्याची वाढ कायमची थांबते, मग सगळ्यात वरच्या बगलेतून पहिला तुरा निघतो आणि एकेक करून तुरे खाली उतरत जातात. नवीन पान का नाही याचं उत्तर हेच. पान काढणारा कोंबच आता उरलेला नाही. म्हणून तुरे कापून काहीही साधणार नाही, फक्त बी हातचं जाईल.

पण लगेच मरणार नाही. पहिल्या तुऱ्यापासून शेवटच्यापर्यंत साधारण ५ ते ७ वर्षं जातात. तुमचा आता कुठे तिसरा तुरा आहे. इतकी वर्षं खोडाच्या गाभ्यात जे पीठ साठलं ते या तुऱ्यांवर नि फळांवर खर्च होतं. सर्वात खालच्या तुऱ्याची फळं पिकली की खोड रिकामं होऊन वाळतं. खालची पानं एकेक करून जाणं हा त्याच हिशेबाचा भाग आहे.

रोगाने मरणारं झाड वेगळं दिसतं. त्यात मधली सुई (न उघडलेलं कोवळं पान) पिवळी पडून ओढली की हातात येते, कुजका वास येतो, खोडावर तपकिरी चिकट पाझर दिसतो, आणि तुरे वरून खाली अशा क्रमाने येत नाहीत. तुमच्या वर्णनात यातलं काही नाही.

आता नातं. सुपारीचं नाही. सुपारी आणि नारळ एका उपकुळात, गोरगा दुसऱ्या. त्या दुसऱ्या उपकुळात त्याच्यासोबत आपल्याकडचे शिंदी नि ताड आहेत. पूर्वी गोरग्याला सुपारीच्या बाजूला बसवत. २००५ च्या वर्गीकरणात तो शिंदी-ताडाच्या बाजूला आला. पण जुनी खूण धुऱ्यावर उभं राहूनही तपासता येते. पानाची एक पाती देठाजवळ आडवी कापा आणि कापाकडे बघा. शिंदीची पाती पन्हळीसारखी दिसेल, तोंड वर, पाणी धरेल अशी. नारळाची पाती कौलासारखी, पाठ वर, पाणी दोन्हीकडे निथळेल अशी. गोरग्याची पाती पन्हळीची आहे. त्यात माशाच्या फाटक्या शेपटीसारखी पाती, आणि पान एकदा नव्हे, दोनदा विभागलेलं: मधल्या दांड्याला फांद्या, फांद्यांना पाती. असं दोनदा विभागलेलं पान पूर्ण ताडकुळात फक्त याच एका प्रजातीत (म्हणजे जवळच्या जातींच्या गटात), कॅरिओटात.

कॅरिओटात सुमारे १४ जाती आहेत. भारत-श्रीलंकेपासून दक्षिण चीन, आग्नेय आशिया आणि पुढे उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत. आपला गोरगा म्हणजे कॅरिओटा युरेन्स. हे नाव लिनियसने १७५३ मध्ये दिलं, आणि ‘युरेन्स’चा अर्थच जाळणारा. ती तुमच्या कोपरापर्यंतची खाज.

याची खरी भावंडं दोनच प्रजाती, अरेंगा आणि वॉलिशिया. वॉलिशिया लहान प्रजाती, दहाच्या आत जाती, हिमालयाच्या पूर्व पायथ्यापासून पुढे. तिच्यातल्या एका जातीची पानं खोडावर समोरासमोर दोनच रांगांत लागतात, पंखा धरल्यासारखी. अरेंगात वीसहून जास्त जाती, त्यातली एक बुटकी सह्याद्रीच्या दक्षिण भागात आहे. सर्वांत मोलाची म्हणजे इंडोनेशियातला साखरेचा माड, ज्याच्या रसाचा गूळ करतात आणि खोडावरच्या काळ्या केसांचे दोर वळतात. त्याच्यातही तुरे वरून खाली येतात, पण वरचे मादी नि खालचे नर. रस प्रामुख्याने खालच्या नर तुऱ्यांचा काढतात.

गोरग्यात तसं नाही, प्रत्येक तुऱ्यात दोन्ही. हातमोजा घालून नवीन तुऱ्याची एक लड जवळून बघा. कळ्या तीन-तीनच्या गटात बसलेल्या असतात. दोन बाजूंना लांबट नर कळ्या, मधे दबलेली लहान गोल मादी कळी. नर आधी उमलून गळतात, मादी मागाहून. म्हणून एकटं झाड असूनही तुमच्याकडे फळ धरलं. शिंदी-ताडात नर झाड वेगळं नि मादी वेगळं, तिथे एकट्या झाडाला फळ धरायची आशा नसते.

---

हिरवाधुरा

तुरे कापा आणि बुंध्याला एक किलो मीठ नि अर्धा किलो युरिया द्या. नारळाला मीठ देतात तसं. शेंडा पुन्हा फुटतो.

---

रानपान

हिरवाधुरा दादा, हे कृपा करून करू नका, सांगूही नका. नारळाला मीठ देतात ते क्लोराइडसाठी, किनाऱ्यापासून दूरच्या जमिनीत त्याची कमतरता असते म्हणून. शेंडा फोडायचं ते औषध नाही. ताडकुळातल्या एकखोडी झाडाला वाढीचं टोक एकच असतं, बाजूला राखीव डोळे नसतात. ते टोक संपलं तर मीठ, युरिया, काहीच त्याला परत आणत नाही. वर ही बोडीची पाळ आहे. पहिल्या पावसात ते मीठ बोडीत आणि तिथून धानाच्या बांधीत (शेतात) उतरणार.

---

मातीपिशवी

बियांचं मी सांगतो, कारण इथेच सगळ्यांचं चुकते.

आधी खाज. फळाच्या गरात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, सुरण आणि अळूत असतात तेच, फक्त इथे फार जास्त. हे विष नाही, शब्दशः टोचणं आहे. म्हणून उकळून, चिंचेच्या पाण्यात टाकून भरवसा ठेवू नका. आणि खाज सुटली की चोळू नका, चोळलं की सुया आणखी आत जातात. आधी वाहत्या पाण्याखाली हात धरा, मग चिकटपट्टी लावून ओढा, दोन-तीनदा, नंतर साबण. डोळ्यात गर उडाला तर पंधरा मिनिटं स्वच्छ पाणी मारत राहा आणि दवाखाना गाठा. लेकराबाळांना पडलेली फळं गोळा करायला लावू नका, लाल फळ बोरासारखं दिसते नि तोंडात जाते.

तोडणी: फळ लाल होऊन काळपट व्हायला लागलं, आणि दोन-चार आपोआप खाली पडायला लागली की घड तयार. हिरव्या फळातलं बी भरलेलं नसते. घडाखाली जुनी ताडपत्री अंथरा, पूर्ण बाह्यांचा सदरा, डोक्याला दुपट्टा, रबरी हातमोजे. घड वरून सोडू नका, दोराने उतरवा. ३५ फुटांवरून आदळला तर गर चौफेर उडते.

साफ करणं: फळं गोणपाटाच्या पोत्यात भरून, तोंड बांधून, पाण्याच्या टाकीत किंवा जुन्या ड्रमात ४ ते ५ दिवस बुडवून ठेवा. बोडीत नाही, तिथे जनावरं पाणी पितात. गर सडून सैल होते. मग पोतं बाहेर काढून, जमिनीवर ठेवून, गमबूट घालून पायाने मळा. पाणी ओता, पुन्हा मळा. तीन-चार पाण्यात बी मोकळं होते. ते पाणी दूर खड्ड्यात. धुतलेलं बी बादलीत टाका, तरंगणारं फेका.

एका फळात बहुतेक एकच बी निघते, कधी दोन. एक असेल तर गोलसर, दोन असतील तर दोघांची एक-एक बाजू चपटी. कापून पाहिलं तर आतला पांढरा गर अखंड नसते, त्यात तपकिरी रेघा शिरलेल्या दिसतात, सुपारी कापल्यावर दिसतात तशा. सुपारीच्या नात्यातलं असा समज त्यानेच झाला असावा.

आता तुमच्या २० बिया का गेल्या. उन्हात वाळवल्या म्हणून. हे बी धान-तुरीसारखं वाळवून ठेवायचं नाही. वाळलं की आतला कोंब मरते. सावलीत एक दिवस पाणी झटकू द्या नि आठवड्याच्या आत लावा. ठेवायचंच असेल तर ओलसर नारळाच्या काथ्यात किंवा ओल्या रेतीत, झाकून, सावलीत.

पिशवी खोल हवी, हे विसरू नका. किमान १२ इंच. ६ इंचाच्या पिशवीत अर्धी रोपं वाकडी निघतात, कारण बी फुटल्यावर कोंब वर येत नाही. बियातून आधी एक पांढरी नळी निघून सरळ खाली जाते, काही इंच उतरते, आणि तिच्या टोकाला मूळ नि पान सुटते. पान मग बियापासून जरा बाजूला वर येते. पुष्कळ लोक ‘उगवलं का’ म्हणून उकरून पाहतात, नळी मोडते नि रोप तिथेच संपते.

मिश्रण: दोन घमेली माती, एक घमेलं रेती, एक घमेलं वर्षभर कुजलेलं शेणखत. कन्हार (काळी चिकण) माती एकटी नको, पाणी धरून बी सडवते. बी आडवं ठेवून इंचभर खोल. अर्धी सावली, माती ओलसर पण चिखल नाही. उगवायला ३ ते ६ महिने लागतात, सगळं एकदम उगवत नाही. पहिलं पान आलं की जात कळते: गोरग्याचं पहिलंच पान दुभंगलेलं, टोकाला कातरलेलं. शिंदीचं पहिलं पान सरळ, अरुंद, गवतासारखं. रोपवाटिकेत फसवणूक होते ती इथे पकडता येते.

आणि ‘फिशटेल पाम’चं उत्तर. त्या नावाने बहुतेक ठिकाणी कॅरिओटा मायटिस विकतात, आग्नेय आशियातली आणि आपल्या अंदमानातलीही जात. तिची एका बुंध्यातून अनेक खोडं येतात, बांबूसारखा झुपका होते. प्रत्येक खोड फुलून मरते, पण शेजारची खोडं वाढत राहतात म्हणून झुपका टिकते. गोरगा एकखोडी, त्याला बुंध्यातून पिल्लं येत नाहीत. विकत घेताना कुंडीत एकाच्या शेजारी पिल्लं फुटलेली दिसली तर ते मायटिस समजा. मात्र कुंडीत दोन-तीन बिया एकत्र लावूनही झुपका दाखवतात, म्हणून बोटाने माती सारून खोडं खाली जोडलेली आहेत का बघा.

---

सिंदीबन

मातीपिशवी दादांनी चांगलं सांगितलं. एक भर घालते. झाडाखालीच आपोआप उगवलेली रोपं असतील तर ती जास्त खात्रीची. उदमांजर ही फळं खाते नि बी जसंच्या तसं बाहेर टाकते. पाळीवर, दगडावर त्याच्या लेंड्यांत साफ बिया सापडतील, गर काढायचं काम वाचते. हातमोज्याने उचला, धुवा, लगेच लावा.

आपोआप आलेलं रोप उचलायचं तर दुभंगलेल्या एक-दोन पानांवर असतानाच. सब्बल किंवा टिकासाने बाजूने फूटभर खोल कापून गोळ्यासकट काढा. पान धरून ओढाल तर पान हातात नि मूळ जमिनीत.

लागवडीचं: दीड-दोन फुटांचं रोप झाल्यावर, म्हणजे साधारण दोन वर्षांनी, जुलैत. खड्डा २ बाय २ बाय २ फूट, १० किलो कुजलेलं शेणखत, अर्धा किलो निंबोळी पेंड. रोपाचा गळा मातीत गाडू नका, पिशवीत होता त्याच पातळीला. ही झाडं आपल्याकडे नैसर्गिक आहेत ती भामरागड-एटापल्लीच्या ओल्या जंगलात, नाल्याकाठी. मोकळ्या बर्डी (मुरमाड) जमिनीवर ४५ अंशांच्या उन्हाळ्यात कोवळं रोप टिकत नाही. पहिले दोन उन्हाळे पश्चिमेकडून तुराट्यांचा आडोसा, बुंध्याभोवती वीतभर जाड धानाचं तणस (बुंध्याला चिकटवून नाही, चार बोटं सोडून), आणि चार-पाच दिवसांनी १० ते १५ लिटर पाणी. पानाची टोकं करपली तर घाबरू नका, मधली सुई हिरवी आहे तोवर रोप जिवंत आहे.

पाणी नसलेल्या धुऱ्यावर गोरगा लावूच नका, तिथे शिंदी लावा. तिला ही सगळी सेवा लागत नाही.

रसाचं मात्र मी स्पष्ट सांगते. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे, आणि नीरेलाही परवाना लागतो. कायदा बाजूला ठेवला तरी तुमच्या उमललेल्या तुऱ्यांतून रस मिळणार नाही. श्रीलंकेत याच झाडाचा रस आटवून काकवी नि गूळ करतात, तिथेही तुरा म्यानात कोवळा असतानाच तयार करावा लागते, नि पुढे रोज पातळ काप घेत राहतात. रस गुळासाठी हवा तर मडक्याला आतून चुना लावतात, नाहीतर काही तासांत आंबते. ज्या तुऱ्याचा रस काढला त्याला फळ नाही. तुमच्याकडे एकच झाड आहे, त्याचं बी हवं की रस, हे आधी ठरवा. मला विचाराल तर बी.

---

बोडीकाठ

खूप खूप आभार मंडळी. तुरे कापणार नाही. आणखी दोन गोष्टी. शेंड्याजवळ पानाच्या बगलेत अंगठा जाईल एवढं भोक आहे नि त्यातून चघळलेला भुसा बाहेर आलेला दिसते. हे काय? आणि झाड वाळल्यावर खोड उभं ठेवायचं का? खाली म्हशींचा रस्ता आहे.

---

मातीपिशवी

तो गेंड्या भुंगा. नारळावर पानं कातरीने कापल्यासारखी त्रिकोणी दिसतात त्यावरून कळते, पण गोरग्याचं पान मुळातच फाटकं, म्हणून तिथे भोक नि भुसा हीच खूण. लोखंडी तार टोकाला आकडा करून भोकात घाला, फिरवा, भुंगा ओढून काढा. मग नारळासाठी सांगतात तेच करा: निंबोळी बियांची पूड एक भाग, रेती दोन भाग, असं दीडशे ग्रॅम मिश्रण वरच्या तीन पानांच्या बगलांत. तुमच्या झाडाला सुई नाही, त्यामुळे शेंडा मरायची भीती उरली नाही, पण त्याच भोकातून सोंड्या भुंगा शिरून अंडी घालते नि त्याच्या अळ्या खोड पोखरतात. म्हणजे बी पिकायच्या आधी झाड मोडते. भोक बुजवा.

गेंड्या भुंग्याच्या अळ्या शेणखताच्या ढिगात वाढतात. पाळीजवळ उकिरडा असेल तर तो हलवा, हलवताना निघणाऱ्या पांढऱ्या, जाड, वाकलेल्या अळ्या वेचून मारा. झाडाला औषध देऊन उकिरडा तिथेच ठेवला तर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा भोक.

---

रानपान

खोड उभं ठेवू नका. या खोडाची बाहेरची दोन-तीन इंच कड लाकूड म्हणून पक्की, आत मऊ गाभा. मेल्यावर गाभा आधी कुजते नि बाहेरून खोड टणक दिसते. मग एखाद्या वादळात मधूनच तुटते. शेवटच्या तुऱ्याची फळं उतरली, शेवटचं पान वाळलं की त्याच हिवाळ्यात पाडा. धान निघून बांधी मोकळी असते. कापण्याआधी तलाठी नि वनरक्षकाला विचारून घ्या.

पाडताना वजन वर असते, म्हणून आधी लोंबते घड नि पानं उतरवा, खोडाला दोन-तृतीयांश उंचीवर दोन दोर बांधा, बोडीच्या उलट बाजूला ओढा. म्हशींचा रस्ता त्या दिवशी बंद. कुऱ्हाडीपेक्षा करवत बरी, धागे कुऱ्हाडीला उलटवतात.

खोड लगेच उभं चिरून गाभा कोरून काढला तर दोन लांब पन्हळी मिळतात. बोडीतून बांधीत पाणी न्यायला काही हंगाम चालतात. गाभ्याच्या पिठाची आशा मात्र ठेवू नका. कॅरिओटाच्या गाभ्यातून साबुदाण्यासारखं पीठ निघते हे खरं, पण ते फुलण्याच्या आधी पाडलेल्या झाडात. शेवटच्या तुऱ्यानंतर आत फक्त धागे उरतात.

आणि पहिल्या घडाचं बी या हंगामात लावाल तर खोड पाडायच्या वेळी त्याची रोपं तीन-चार वर्षांची, जमिनीत बसलेली असतील. एकाच जागी नको, पाळीवर १५-१५ फुटांवर तीन लावा.